फणीच्या तारांचा ब्रश

दिघाशी, ता. भिवंडी
४ नोव्हेंबर २०२४

केसरीनाथ आजोबांना नमस्कार,

एकाच माणसाने केलेल्या जोडीतला एक ब्रश वीतभर लांब आणि दुसरा त्याच्या निम्मा का असावा? चार दिवस मी या एका प्रश्नापाशी अडकले आहे आणि मला उत्तर येत नाही. येत नाही हे आधीच कबूल करते, म्हणजे तुम्ही सांगाल.

मी लडकूची नात, महादूची मुलगी मेघाली. तुम्ही मला पाहिलं असलं तर आजोबांच्या दिवसकार्यालाच. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आधी मी फोनच केला होता. तुमच्या सूनबाई रंजिताकाकींनी उचलला. म्हणाल्या, "त्यांना फोनवर काय ऐकू येत न्हाय. तू लिहून पाठव. वाचतात बाबा. पेपर अख्खा वाचतात, जाहिरातींसकट."

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर आजोबांचा बँडमधला ड्रम सापडला. पितळी गोल, वरचं कातडं अजून शाबूत, खालच्या तारा गंजलेल्या. त्याच गोणपाटात हे दोन ब्रश होते. मूठ लाकडी आणि पुढे बारीक पोलादी तारांचा झुबका. मी नेटवर फोटो टाकला, तो पाहून मुंबईहून कुमार नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते जुने ड्रम आणि त्यांचं सामान जमवतात. जानेवारीत प्रदर्शन भरवणार आहेत. ड्रम विलायती आहे, नव्वद वर्षांचा तरी असेल, असं ते म्हणाले. पण त्यांचा जीव अडकला तो ब्रशांत. गावात, घरच्या घरी केलेले ब्रश त्यांनी कधी पाहिले नव्हते. कोणी केले, कधी, कशासाठी, हे मी चिठ्ठीवर लिहून द्यायचं आहे.

आणि मला खरंच काही माहीत नाही. घरात एकच गोष्ट सांगतात. लूममध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि लडकूने ड्रम टाकला. बाबा तर 'तो बसून राहिला' याच्यापुढे जातच नाहीत. मी घरातली पहिली पदवीधर, इतिहासात बी. ए., आणि वडप्याच्या गोडाऊनमध्ये खोक्यांवरचे नंबर स्कॅन करते. नोकरी सोडून एम. ए. करायचं म्हटलं की बाबा म्हणतात, "अर्ध्यात सोडायची खोड आजाकडून आली." ते हसत म्हणतात. मला हसू येत नाही.

तुम्ही बँडचे मास्तर होता. ब्रश बोटं जायच्या आधीचे की नंतरचे, एवढं जरी कळवलंत तरी चालेल. मला आता धीर निघत नाही.

तुमची
मेघाली


वज्रेश्वरी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मेघालीस केसरीनाथ आजाचा आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. पोस्टमन बोलला, "आजोबा, तुम्हाला कोणी पत्र लिहिलं? बँकेचं तर न्हाय?" मी चौथी शिकलेला मानूस, चुका पोटात घाल. गरम पान्याच्या कुंडावर आंघोळीला येणाऱ्यांना टॉवेल, साबण, खोबरेल विकतो. गिऱ्हाईक बोटानं दाखवतं, मी काढून देतो. बहिऱ्याला हाच धंदा बरा.

लडकू आणि मी भिवंडीत एकाच कारखान्यात. बारा तासांची ड्युटी. लग्नसराई आली का सेठच्या हातापाया पडून सुट्टी काढायची आणि बँड घेऊन गावोगाव फिरायचं. मी क्लॅरिनेट, तो ड्रम. त्याच्यासारखा हात आपल्या तालुक्यात झाला न्हाय. हे लिहून ठेव.

ब्रशांचं सांगतो. आम्ही एकदा वसईला ख्रिस्ती लग्नात वाजवायला गेलेलो. आमी बाहेर, रस्त्यावर. आत हॉलमध्ये कोटवाल्यांचा बँड. त्यांचा ड्रमवाला काठ्या टाकून तारांचे झुबके कातड्यावर फिरवत व्हता. आमी खिडकीतून बघितलं आणि हसून हसून पोट दुखलं. मी बोललो, "हा ड्रमवरच्या माश्या हाकतो काय रे?" लडकू न्हाय हसला. नवरा-नवरी जेवून उठले तरी तो खिडकीशीच. मग त्यानं कारखान्यातल्या टाकाऊ सामानातून तसले झुबके केले. झालं.

दोन्ही सारखेच व्हते. एक पडून तुटला असंल. भिवंडीत लूमच्या फण्या बांधनारे फणीवाले हायेत, त्यांच्याकडून नीट करून घे आणि दे त्या मुंबईवाल्याला. आधीचं का नंतरचं मना आता आठवत न्हाय. पन्नास वर्सं झाली.

महादूला सांग, गुडघा दुखत असंल तर कुंडावर ये.

केसरीनाथ


दिघाशी
२० नोव्हेंबर २०२४

केसरीनाथ आजोबांना नमस्कार,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं. माश्यांपाशी ते हसले. पण आजोबा, तुम्ही नकळत खरं बोलून गेलात! कुमार सरांना सांगितलं तर ते फोनवर ओरडलेच. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत माश्या मारायला तारांचा झुबका निघाला होता. तारा मुठीत मागे ओढून घेता यायच्या, म्हणजे खिशात वाकत नसत. ड्रमवाल्यांनी तोच उचलला, कारण लहान खोलीत काठ्यांचा आवाज गाण्यावर चढायचा. मग ड्रमच्या कंपन्या तसेच झुबके खास वादकांसाठी करू लागल्या. म्हणजे ब्रशाचा जन्मच माश्या हाकण्यातून झाला आणि तुम्ही ते वसईच्या खिडकीतून ओळखलंत.

तुम्ही लिहिलंत तसं मी लगेच केलं. सुट्टी टाकून भिवंडीत गेले. फणी बांधणारे एक चाचा आहेत, चष्म्याला दोरा बांधलेले. त्यांनी ब्रश हातात घेतला आणि म्हणाले, "बेटी, ये तो पूरा लूम का माल है." मूठ म्हणजे बाण्याचं आडवं सूत गुंडाळतात ती लाकडी कांडी, आणि तारा फणीच्या. फणीतून ताण्याचा एकेक उभा धागा ओवलेला असतो, हे मला माहीत होतं. पण चाचांनी दाखवलं तेव्हा कळलं की प्रत्येक तारेचं टोक दगडावर घासून गोल केलं आहे, कातडं फाटू नये म्हणून. चाचांनी मोजल्या, एकेका झुबक्यात सत्तरच्या वर तारा. म्हणाले, "जिसने बनाया, बड़ा सबरवाला आदमी होगा." हे शब्द मी वहीत लिहून घेतले. आमच्या घरात आजोबांबद्दल असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आखूड ब्रशाला त्यांनी दुसऱ्या कांडीचा अर्धा तुकडा खुंटी मारून जोडला. आता जोडी अगदी सारखी दिसते. त्या आखूड ब्रशाच्या मुठीला चामड्याचा एक पट्टा खिळलेला होता, कडक झालेला, पिवळट डागांचा. मुंबईत तो बरा दिसला नसता म्हणून तोही काढून टाकला. फोटो पाहून कुमार सर म्हणाले, पूर्ण जोडी असेल तर दालनाच्या मधोमध ठेवू. अठ्ठावीस डिसेंबरला, शनिवारी, त्यांची गाडी न्यायला येईल.

बाबांना म्हटलं, बघा, मधोमध! ते म्हणाले, "बनवलं असंल चांगलं. बोटं गेल्यावर हातात घेतलं काय कधी?"

याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. नीट आठवून बघाल का?

तुमची
मेघाली


वज्रेश्वरी
२३ नोव्हेंबर २०२४

मेघाली,

पट्टा टाकू नको. टाकला असशील तर उकिरड्यातून शोधून काढ. धुऊ नको.

केसरीनाथ


दिघाशी
२७ नोव्हेंबर २०२४

केसरीनाथ आजोबांना नमस्कार,

पट्टा आहे. गोडाऊनची सवय कामाला आली. आम्ही फाटकं खोकंसुद्धा नंबर लावल्याशिवाय फेकत नाही. खिळ्यांसकट पिशवीत होता, वर तारीख घातलेली.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ड्युटीवरून आले ती हात न धुताच तो पट्टा घेऊन बसले. तुम्ही कारण लिहिलं नव्हतंत, म्हणून मीच शोधायला लागले. मला लहानपणीचा आजोबांचा हात आठवला. ते माझा भांग पाडायचे, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा आणि शेवटची दोन बोटं कानामागे टेकायची. मी माझी तर्जनी आणि मधलं बोट मिटलं, पट्टा तळव्यावरून घेतला. तो बसला, आजोबा. माझा हात लहान आहे तरी बसला. मग जोड दिलेला ब्रश तीन बोटांनी धरून पाहिला. लांब मूठ तोल जाऊन खालीच पडते. आखूड असती तर पडली नसती.

तो ब्रश तुटलेला नव्हता. तो तसाच केलेला होता, तीन बोटांच्या हातासाठी. म्हणजे बोटं गेल्यानंतर. म्हणजे ते बसून राहिले नव्हते.

हे तुम्हाला माहीत होतं. नाहीतर पट्ट्यासाठी तुम्ही दोन ओळींचं पत्र टाकलं नसतं. मग 'दोन्ही सारखेच व्हते' असं का लिहिलंत? तुमच्या शब्दावर मी एका पूर्ण वस्तूला अपुरी समजून ठोकून आणली. मला रागही येतोय आणि लाजही वाटतेय. राग तुमचा कमी, माझा जास्त. इतिहास शिकून मी एवढंही केलं नाही, की आधी वस्तूला विचारावं आणि मग माणसांना.

बाबांना हात दाखवला. ते पट्टा उलटसुलट करून म्हणाले, "केला असंल. वाजवला कुठं?" पुन्हा तेच. बाबा वाईट नाहीत. पण त्यांनी लहानपणापासून आपला बाप ओट्यावर बसलेलाच पाहिला आहे.

मला झोप नीट लागत नाही. गोडाऊनमध्ये काल दोनदा चुकीच्या रांगेत माल लावला. गाडी यायला महिना आहे. मला सांगा.

मेघाली


दिघाशी
१० डिसेंबर २०२४

केसरीनाथ आजोबांना नमस्कार,

तुमचं उत्तर नाही. रंजिताकाकींना फोन केला तर म्हणाल्या, "लिहितात आणि फाडतात. दुकानात कागदांचा ढीग झालाय. काय लिहिलंस गं तू त्यांना?"

फाडलेलं पाठवलंत तरी मी जोडून वाचेन.

मेघाली


वज्रेश्वरी
१६ डिसेंबर २०२४

मेघाली पोरी,

पाच कागद फाडले. हा फाडत न्हाय.

त्र्याहत्तर साली लडकूची बोटं गेली. मी त्याला बोललो, तुजी जागा ठेवतो, पन मनात धरलेलं का ड्रमवाला गेला. चार महिन्यांनी तो आला. हातात हे दोन ब्रश. बोलला, "लूमनं घेतलं ते लूमकडनंच भरून काढलं. ऐक." काठीचा दणका आता त्याच्याच्यानं व्हनार नव्हता. पन एक जागा त्यानं शोधून ठेवलेली. आपल्यात हळदीला धवलारीण बाई धवल्याची गाणी म्हणते, तवा बँड गप बसतो. एका बाईच्या गळ्यावर ड्रम कोन वाजवणार? लडकू बोलला, "मी वाजवतो. तिच्या आवाजाच्या खालनं."

चौऱ्याहत्तरच्या लग्नसराईत तो वाजला. सहा लग्नं. ठकुबाई धवलारीण आपल्या भागात मोठी. तिची एक रीत व्हती. गायच्या आधी ती साथीला बसनाऱ्याच्या हाताला हळद लावायची. न वाजवनाऱ्याला कधी लावली न्हाय. लडकूच्या डाव्या हाताला ती पट्ट्यावरनंच लावायची. तू पिवळट डाग बोललीस ना, ती सहा लग्नांची हळद हाय.

आता माजं. मी शेजारी बसायचो. त्याचा हात गोल फिरताना दिसायचा. आवाज मना येत नव्हता. काहीच न्हाय. पयल्या लग्नाला वाटलं, हळू वाजवतो. तिसऱ्याला वाटलं, हा निसता हात फिरवतोय. लोकांना दाखवायला, आपन अजून हाय म्हनून. मना त्याची कीव आली आणि मग राग आला. सहाव्या लग्नानंतर बोललो, "लडकू, आवाज येत न्हाय. बँडला ढम पायजेल. नको येऊ आता."

त्यानं माज्याकडे बघितलं. बोलला, "तुला न्हाय येत?" मी बोललो, न्हाय. मग त्यानं हळूच बोट माज्या कानाला लावलं, उजव्या मग डाव्या. ब्रश गोणपाटात गुंडाळले आणि गेला.

आषाढात ठकुबाई बाजारात भेटली. माज्या अंगावरच आली. ती मोठ्यानं बोलायची म्हनून ऐकू आलं. "त्या ड्रमवाल्याला का रे काढलास मेल्या? जात्यावर बसून गावं तसा माजा सूर बसायचा त्याच्यावर. मांडवातली बाई न् बाई ऐकायची." तवा मना समजलं. आवाज त्याचा नव्हता गेला, माजा कान गेला व्हता. अकरा वर्सं बारा-बारा तास लूमच्या खटाखटीत. आणि लडकूला ते त्याच दिवशी समजलेलं.

त्यानं एक शब्द कुठं काढला असता, तर बहिऱ्या मास्तरच्या बँडला कोन बोलावनार व्हतं? माजी तीन पोरं, आठ वाजपी. तो गप बसला. लोक बोलले, लडकूनं टाकलं, तर बोलू दिलं. मी अजून तीस वर्सं बँड चालवला, बोटांना लागनाऱ्या क्लॅरिनेटच्या थरथरीवर. एकदाबी दिघाशीला येऊन त्याला बोललो न्हाय, का मना समजलंय.

तुला खोटं लिहिलं कारन तू महादूला वाचून दाखवनार हे ठाऊक व्हतं. हे दाखवू नको. वाचून झालं का चुलीत घाल. चिठ्ठीवर लिही, लडकूनं केलं, आणि बस कर.

केसरीनाथ


दिघाशी
२९ डिसेंबर २०२४

केसरीनाथ आजोबांना नमस्कार,

तुमचं पत्र एकोणीस तारखेला मिळालं. तुम्हाला विचारायला वेळ होता. मी मुद्दाम विचारलं नाही, कारण तुम्ही 'न्हाय' लिहिलं असतंत आणि मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता. आता जे केलं आहे ते फक्त कळवते.

वीस तारखेला मी पुन्हा फणीवाल्या चाचांकडे गेले. जोड कापून द्या म्हटलं. ते वैतागले. "पहले जोड़ो, फिर काटो! पढ़ी-लिखी हो ना?" मी म्हटलं, म्हणूनच दोनदा यावं लागलं. खुंटी काढली, कापलेली कड त्यांनी घासून दिली. पट्टा त्याच जुन्या भोकांतून, जुन्याच खिळ्यांनी बसवला. पैसे घेतले नाहीत. त्यांनी आपली दोन बोटं मिटून ब्रश धरून पाहिला आणि परत देताना दोन्ही हातांनी दिला.

कुमार सरांना फोन करून सांगितलं की जोडी सारखी नाही, आणि ती कधीच नव्हती. मधली जागा आता एका परदेशी जोडीला दिली आहे. आपले ब्रश डाव्या भिंतीच्या कोपऱ्यात असतील. मी 'चालेल' म्हणाले. मला खरंच चालतं.

तुमचं पत्र मी बावीस तारखेला, रविवारी, अंगणात बाबांना वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून तुमच्या सहीपर्यंत, 'हे दाखवू नको' यासकट. बाबा मटार सोलत होते. ठकुबाईच्या रीतीपाशी त्यांचे हात थांबले. त्यांनी पट्ट्याचा ब्रश मागितला, पट्ट्याच्या शिवणीच्या भोकात नखाचं टोक घातलं आणि उन्हात धरलं. नख पिवळं झालं होतं. ते बोट त्यांनी बराच वेळ तसंच वर धरून ठेवलं, शाई लागल्यासारखं. मग म्हणाले, "मी त्याला तोंडावर बोललोय गं. मोठा झाल्यावर. बसून खातोस म्हणून." उरलेले मटार मी सोलले.

तुमच्यावर ते रागावले आहेत. खोटं कशाला लिहू? "केशऱ्याला भेटलो तर दोन ठेवून देईन," असं म्हणाले. पण परवा ड्रम पुसायला स्वतः बसले. मी ब्रश फिरवून पाहत होते, मला जमत नव्हतं, नुसतं खरखर वाजत होतं. बाबांनी ड्रमच्या पितळेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "हाताला लागतंय बघ. तिकडं बहिऱ्यालाबी समजंल." मग स्वतःच म्हणाले, प्रदर्शन उघडेल त्या दिवशी वज्रेश्वरीहून तुम्हाला घेऊन जाऊ. गुडघ्यासाठी कुंडावर यायचंच आहे, असं कारण त्यांनी काढलं आहे. तुम्ही या. दोन ठेवून दिलेच, तर मी मध्ये पडेन.

आता चिठ्ठीचं. कुमार सरांना दिलेली नक्कल खाली उतरवते, एक शब्दही न बदलता:

'ड्रमचे ब्रश, सन १९७३-७४. लडकू, दिघाशी, यांनी भिवंडीतल्या लूमची फणी, कांडी आणि चामडी पट्टा यांपासून केले. डावा ब्रश लूममध्ये दोन बोटं गेलेल्या हातासाठी मुद्दाम आखूड आहे. सहा लग्नांत ठकुबाई धवलारणीच्या गाण्याला साथ केली. पट्ट्यावर तिने लावलेली हळद आहे, कृपया पुसू नये. बँडमास्तरांचे कान लूमवर गेले होते, त्यांना हा आवाज ऐकू आला नाही, आणि त्यांचा बँड चालावा म्हणून लडकू यांनी ब्रश गुंडाळून ठेवले. ही हकीकत ते मास्तर केसरीनाथ, वज्रेश्वरी, यांनी स्वतःच्या हाताने लिहून कळवली.'

तुमचं नाव घातलं आहे. नुसतं 'लडकूनं केलं' लिहिलं असतं, तर माझे आजोबा पुन्हा एकदा तुमच्यासाठी गप्प बसले असते. पन्नास वर्षं पुरे झाली. आणि पाच कागद फाडून सहावा तुम्ही पाठवलात, हेही कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटलं.

काल शनिवारी गाडी आली. ड्रम, ब्रश आणि चिठ्ठी मी माझ्या हाताने आत ठेवून नंबर लावला. दुपारी तीन वाजता गाडी वडप्याच्या पुढे गेली.

तुमची
मेघाली